जागेश्वरचा घास

आंधळगावचा केवळराम घरात केवळराम आणि नोकरीवर जागेश्वर. जागेश्वर हे खरं तर त्याच्या थोरल्या भावाचं नाव. शाळेत नाव घातलं त्याच वर्षी तो शेतातल्या बोडीत बुडून मेला. धानाला पाणी देणारं ते एवढंसं तळं, पण पोर गेलं. पुढे केवळराम शाळेत घालायजोगा झाला तेव्हा बाप म्हणाला, "नाव तं हायेच पटावर. नव्या कागदाची कटकट कायले?" बस्स, मेलेल्याच्या नावावर अन् वयावर जितं पोर शाळेत बसलं. त्याच कागदावर कालव्यावरची सरकारी नोकरी लागली, आणि दादाचं वय भरलं म्हणून यंदा केवळराम रिटायर झाला. अंगात अजून दोन-तीन वर्षांचं काम शिल्लक होतं, पण ते कोणत्या तोंडानं सांगणार?

अक्षय तृतीयेला त्यांच्या घरात वारलेल्या प्रत्येकाच्या नावानं कावळ्यासाठी घास निघायचा. जागेश्वरचा मात्र आईनं कधी काढला नाही. "आता ते नाव जित्या पोराचं हाये. त्याच्या नावानं घास काढू का?" म्हणायची आणि पदर डोळ्याला लावायची.

केवळरामला आता एकच घोर होता. लेकरूबाळ नाही, पेन्शन दोघांना पुरेल का, आणि आपण आधी गेलो तर बायकोला, रुखमिणीला, कोणापुढे हात पसरावा लागू नये. घरी जुना लॅपटॉप होता. त्यात पुढच्या खर्चाचा हिशेब बसवावा म्हणून तो तुमसरला भैय्याजीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. भैय्याजीनं आधी दरवर्षी पैसे भरायचं सॉफ्टवेअर दाखवलं. केवळरामनं कानाला हात लावला. दुसरं फुकट होतं, पण इंटरनेटवर चालायचं आणि बँकेचा नंबर मागायचं. "फुकट ते पौष्टिक म्हणतेत, पण मले नाही पचत, भैय्याजी!" शेवटी स्वस्तातलं, एकदाच पैसे द्यायचं आणि इंटरनेटशिवाय चालणारं त्यानं घेतलं. "घरची गोष्ट घरातच राह्यली पाह्यजे," तो म्हणाला. भोळा बिचारा! घरातच तर होती ती.

घरी येऊन त्यानं माणसं भरली: केवळराम, रुखमिणी. मग पेन्शन भरली, कागदावर होती तशी, जागेश्वरच्या नावानं. पडद्यावर आलं, 'कुटुंबातील सदस्य: तीन.'

त्यानं भैय्याजीला फोन लावला. "काका, पेन्शन ज्याच्या नावाची, त्याले ते आपोआप जोडते. नको असन तं काढून टाका," भैय्याजी म्हणाला.

केवळरामनं जागेश्वरला काढलं. सगळी मिळकत गेली. परत घातलं. मिळकत आली, रुखमिणीला अखेरपर्यंत पुरेल इतकी. फक्त जागेश्वरच्या पुढचे खर्चाचे रकाने रिकामे होते. अन्न नाही, औषध नाही, कपडा नाही. घरात कमावणारा तो एकटा, आणि त्याच्या तोंडी आजवर एक घास पडला नव्हता! केवळरामच्या अंगावर काटा आला. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त लाज वाटली.

अक्षय तृतीयेला त्यानं एक घास जास्तीचा काढला.

"काहून जी, हा कोणाचा?" रुखमिणीनं विचारलं.

"दादाचा."

तिनं त्याचा हातच धरला. "येडे झाले का तुमी? साऱ्या कागदावर हेच नाव तुमचं. ते घेऊन घास ठेवला तं मरण कोणाले येईन? मले कोणाच्या भरोशावर सोडून चालले?"

"त्याच्या जिवावर जगून राह्यलो आपण. त्याले उपाशी किती ठेवू?" त्यानं हात सोडवून घेतला आणि पत्रावळीचा तुकडा घेऊन मागच्या सांदवाडीत, परसात गेला. टळटळीत दुपार होती. भिंतीवर एकही कावळा नव्हता.

घास ठेवून तो दोन पावलं मागे सरला.

"जागेश्वर दादा, ये. जेवून घे."

"ओ!"

मागे दारात उभी रुखमिणी रडतच ओरडली, "आपणच बलावता अन् आपणच ओ कायले देता जी? नका देऊ ओ!"

केवळराम तिच्याकडे वळला. जन्मभर त्या नावाला ओ द्यायची सवय. आज चुकून तोंडातून निघू नये म्हणून हाक मारल्याबरोबर त्यानं स्वतःच्या तोंडावर पंजा गच्च दाबला होता. तो पंजा अजून तसाच होता.