माझंच कार्ड धर

माझ्या बाबांना आजवर कुणी जेवू घालू शकलेलं नाही. प्रयत्न पुष्कळांनी केला. तैवानमधल्या कीलुंगच्या बंदराजवळ दोरखंड, साखळ्या आणि नांगर विकणाऱ्या त्साय मूह्वो नावाच्या या माणसाच्या आधी हॉटेलचं बिल भरायला जे जे धावले, त्यातले कुणी शर्टाचं बटण गमावून परत आले, कुणी चष्मा वाकवून. घरी हाच माणूस चहाची पानं पार फिकी पडेपर्यंत त्यांच्यावर पाणी ओतत राहतो. पंखा लावला तर ‘वीज काय तुझा मामा देतो?’ म्हणून ओरडतो. पण चार माणसांत जेवायला बसला की याच्या अंगात येतं.

जेवण संपत आलं की बाबा उठतात. ‘जरा जाऊन येतो,’ म्हणतात, संडासाच्या दिशेने निघतात आणि गल्ल्यावर पोचतात. निम्म्या कीलुंगचा समज आहे की त्साय मूह्वोला लघवीचा त्रास आहे. समोरचाही तयारीचा असला तर बाबा सकाळीच मागच्या दाराने जाऊन आचाऱ्याच्या हातात नोटा कोंबून येतात. एकदा बूट काढून बसायच्या हॉटेलात त्यांनी एका पाहुण्याचा डावा बूट फ्रीजमागे लपवला. पाहुणा लंगडत गल्ल्यापर्यंत आला तोवर बाबा दात कोरत बाहेर उभे.

देवाने मला सासराही नेमका असाच दिला. छ्यू थ्येनतिंग, इलानचे, जन्मभर बदकं पाळलेले, आता एकटे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. लग्नाची बोलणी करायला दोन्ही घरं पहिल्यांदा जेवायला बसली, तेव्हा हे दोघे गल्ल्यापाशी एकमेकांच्या मनगटांना असे झोंबले की माशांची काचेची टाकी खाली आली. दोन जिवंत मासे फरशीवर तडफडताहेत आणि त्यांच्यावर उभे राहून हे दोघे भांडताहेत, टाकीचे पैसे कुणी द्यायचे यावर. मी तिथेच लग्न मोडायला हवं होतं. पण नवरा मासे उचलत होता, आणि मला तो आवडला. तेव्हापासून आपलेच दात, आपलेच ओठ.

या सगळ्यात माझी आई युएश्या कुठे असते? खुर्चीवर. बाबा ‘जाऊन येतो’ म्हणून उठले की बिलाचं महाभारत संपेपर्यंत ती एकटी बसून असते. शेवटी फळांची बशी येते, तेव्हा शेजारची खुर्ची रिकामीच असते.

यंदा आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. मी आणि नवऱ्याने दोन्ही घरांना क्रूझवर न्यायचं ठरवलं. कीलुंगहून निघायचं, जपानची दोन बेटं बघून परत. तिकिटं काढताना मी आईला विचारलं, ‘तुला काय हवंय, सांग.’

‘बोटीवर वरच्या मजल्यावर एक वेगळं हॉटेल आहे म्हणे. खिडकीतून समुद्र दिसतो.’

‘आहे. त्याचे वेगळे पैसे पडतात.’

‘तिथे एक टेबल. दोघांचंच. तुझे सासरे नकोत, तू नको, जावईबापू नकोत. दुसरा कुणी नसला म्हणजे हे उठणार नाहीत. मला एकदा तुझ्या बापाबरोबर शेवटपर्यंत जेवायचंय.’

तिसऱ्या संध्याकाळचं टेबल मी राखून ठेवलं. आईने त्या दिवसासाठी केस कुरळे करून घेतले.

बोटीवर पाऊल ठेवलं आणि बाबा कावरेबावरे झाले. रोज खालच्या मोठ्या दालनात जेवायचं, त्याचे पैसे तिकिटातच आलेले. बाकी काय हवं ते घ्या, पण रोकड कुठेच चालत नाही. खोलीचं दार उघडणारं कार्डच दाखवायचं आणि चिठ्ठीवर सही करायची. चढताना काउंटरवर बँकेचं कार्ड एकदा नोंदवायचं, हिशोब शेवटच्या दिवशी. पहिल्या रात्री जेवण संपत आलं तसे बाबा सवयीने ‘जाऊन येतो’ म्हणून उठले आणि पंधरा मिनिटांनी घामाघूम होऊन परत आले.

‘गल्लाच नाही गं कुठे,’ ते मला हळूच म्हणाले. ‘मी स्वयंपाकघरात पण जाऊन आलो.’

पण बाबाच ते. काउंटरवर जाऊन त्यांनी सासरेबुवांच्या खोलीचा खर्चही आपल्याच कार्डावर लावून घेतला. म्हणजे सासरेबुवा पिणार, सही करणार, आणि पैसे जाणार बाबांचे, त्यांना पत्ता न लागता. त्या रात्री बाबा घोरत घोरत हसत होते, असं आई सांगते.

दुसऱ्या दिवशी सासरेबुवांनी बिअर घेतली आणि चिठ्ठी डोळ्यांशी धरली.

‘सूनबाई, यावर तुझ्या बापाचं नाव का?’

सासरेबुवांनी बिअर तिथेच ठेवली, फेस बसायच्या आत काउंटर गाठला आणि दोन्ही खोल्या स्वतःच्या कार्डावर घेतल्या. बाबांना कळलं, ते गेले. पुन्हा सासरेबुवांना कळलं. बोट जपानच्या इशिगाकी बेटाला लागली तरी हे काही थांबेना. आम्ही समुद्र बघतोय आणि या दोघांतला एक जण सारखा गायब. जेवढी रोकड होती ती दोघांनी तिथल्या बाजारात एकमेकांच्या पिशव्यांत काळ्या साखरेचे खडे आणि सुके मासे कोंबण्यात उडवली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, इथे दोन्हीकडून घोडी धावत होती.

काउंटरवर जेस्लिन नावाची मुलगी होती, मलेशियातल्या पेनांगची. तिच्या घरी आमचीच बोली बोलतात, त्यामुळे दोघांची चांगलीच सोय झाली. ती दर वेळी काहीतरी समजावून सांगायची. हे दर वेळी म्हणायचे, ‘धर गं पोरी, माझंच कार्ड धर.’

तिसऱ्या दिवशी दुपारी सासरेबुवा काउंटरवरून दात दाखवत परतले. म्हणजे बाबा हरले होते. बाबांनी ताट बाजूला सारलं.

‘व्याहीबुवा, संध्याकाळी वरच्या हॉटेलात या. माझ्याकडून. सगळेच या!’

आईने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. ‘टेबल दोघांचं आहे.’

‘खुर्च्या वाढवायला कितीसा वेळ लागतो?’

‘खुर्च्यांचं नाही म्हणत मी.’

‘अगं, माणूस एकटा आहे. बायको नाही बिचाऱ्याला.’

‘मला तरी नवरा कुठाय?’ आई म्हणाली आणि उठून डेकवर निघून गेली.

सासरेबुवा भातात बघत राहिले. मला बाबांचा असा संताप आला की तिथल्या तिथे त्यांना इशिगाकीत सोडून यावंसं वाटलं, पण बोट केव्हाच सुटली होती.

‘बाबा, तिने जन्मात एक गोष्ट मागितली.’

‘पण दोघांनीच बसून करायचं काय?’ त्यांना खरंच कळत नव्हतं. ‘घरी रोज दोघंच तर असतो.’

संध्याकाळी आई निळा ड्रेस घालून बसली होती, कुणाशी न बोलता. तेवढ्यात दोन्ही खोल्यांतले फोन वाजले. काउंटरवर बोलावलं होतं. मीही मागे गेले.

‘काका, दोघांचीही कार्डं चालत नाहीयेत,’ जेस्लिन म्हणाली. ‘दोन्ही खोल्यांची खाती बंद केली आहेत.’

‘बंद? का?’ बाबांचा आवाज चढला. ‘माझ्या खात्यात पैसे आहेत!’

‘आहेत. पण धरलेले आहेत. तुम्ही कार्ड नोंदवलंत की बँक तुमची काही रक्कम बाजूला धरते, पुढे खर्च होईल म्हणून. घर भाड्याने घेताना अनामत ठेवतो ना, तसं. दोन खोल्या म्हणजे दोन अनामती. मग छ्यूकाका आले, त्यांच्या कार्डावर पुन्हा दोन धरल्या.’

‘त्याच्या धरल्यास तर माझ्या सोडायच्या ना!’

‘सोडणं माझ्या हातात नाही, काका. बँक सोडते. आठवडा लागतो, कधी जास्तही. तुमचं डेबिट कार्ड आहे, त्यामुळे खात्यातले खरेच पैसे अडकलेत. आणि तुम्ही दर वेळी पुन्हा आलात की पुन्हा नव्याने धरले गेले. मी दर वेळी सांगत होते.’

‘काय सांगत होतीस?’

‘तुम्ही म्हणायचात, धर गं पोरी, माझंच धर.’

सासरेबुवांनी खुर्ची शोधली. बदकं विकल्यावर बँकेने त्यांच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा खाली आणली होती. ती सगळी आता भरली होती, एका बिअरवर.

‘म्हणजे मी काही खाल्लं नाही, यानेही काही खाल्लं नाही,’ ते म्हणाले, ‘आणि आम्ही दोघंही बुडालो?’

‘बुडाला नाहीत, काका. नुसते अडकलात.’

‘चोर निदान घेऊन पळतो तरी,’ बाबा म्हणाले. ‘ही बँक पैसे धरून नुसती उभीच आहे!’

मागे रांग लागली होती. रांगेतल्या बायका हसत होत्या आणि त्यातली एक आमच्याच गल्लीतली निघाली. बाबांचे कान लाल झाले. ज्या माणसाने निम्म्या शहराला जेवू घातलं, तो बायकोबरोबरच्या दोन ताटांपुरतासुद्धा उरला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

‘मी माझ्या कार्डावर घेते,’ मी म्हणाले.

‘नाही!’ दोघे एकदम ओरडले.

‘तू मधे पडू नकोस,’ तिसरा आवाज आला. आई होती. निळा ड्रेस, कुरळे केस आणि हातात कमरेची ती चपटी पिशवी, जिच्यात देवळातला ताईत असतो एवढंच आम्हाला माहीत होतं. तिने पिशवीतून घड्या घातलेल्या नोटा काढल्या. दर नव्या वर्षाला मी तिला लाल पाकिटात देते, त्याच असाव्यात. वास नव्या नोटांचा नव्हता, कापराचा होता.

‘बाळ, रोख चालतं का?’

‘अनामत म्हणून चालतं, काकू. लगेच खातं चालू होईल. त्यातून कुणी काही धरून ठेवत नाही, उरलं तर मी परत देईन.’

‘माझ्या नावावर कर. दोघांच्या जेवणापुरते. आणि यांनी मागाहून येऊन काही द्यायला बघितलं तर?’

‘नाही घेणार,’ जेस्लिन म्हणाली. ‘आता तर मुळीच नाही.’

आई सासरेबुवांकडे वळली. ‘व्याहीबुवा, राग मानू नका. उद्या सकाळी पेज एकत्र घेऊ. आज मला माझा नवरा लागणार आहे.’

सासरेबुवा उठून उभे राहिले आणि आम्हा सगळ्यांदेखत तिच्यापुढे वाकले. ‘घेऊन जा, विहीणबाई. माझी काही हरकत नाही.’

बाबा तिच्यामागून निघाले, मान खाली घालून, बँकेला पुटपुटत शिव्या देत.

आता पुढचं मला माहीत असायचं कारण नाही. पण मी लाज सोडून वरच्या हॉटेलच्या दारातल्या खांबाआड उभी होते. एकटी नव्हते. सासरेबुवाही आले होते.

‘लबाडी करतो का बघायला आलोय,’ ते कुजबुजले. ‘तुझ्या बापाचा भरवसा नाही.’

आत दोघं समोरासमोर. सूप झालं, मासा झाला. आई काहीबाही बोलत होती, बाबांची नजर सवयीने गल्ला शोधत फिरत होती. गल्ला नव्हताच. कोंबडी येऊन गेली तसे त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकवून अंग उचललं.

‘जरा जाऊन येतो.’

‘कुठे?’ आई म्हणाली.

बाबा अर्धे उठलेले, अर्धे बसलेले. खिशात मेलेलं कार्ड. बराच वेळ तसेच राहिले, मग हळूहळू बसले. वेटरने ताटं उचलली आणि एक बशी आणून ठेवली. कलिंगड, पेरू, अननस.

बाबांनी बशीकडे बघितलं. ‘हे कधी मागवलंस?’

‘मागवावं लागत नाही. शेवटी येतंच.’

‘दर वेळी?’

‘दर वेळी.’

‘आपल्याकडच्या हॉटेलांत पण?’

‘सगळीकडे.’ आईने कलिंगडाची मोठी फोड त्यांच्यापुढे ठेवली. ‘खा. आजवर तुमच्या वाटची मीच खात आलेय.’

बाबांनी फोड उचलली. खाताना रस हनुवटीवरून शर्टावर ओघळला, तरी ते मान वर करेनात. आईने रुमाल पुढे केला. मला खांबामागे रडू फुटलं, आणि या माणसासाठी रडू फुटावं याचा मला अजून राग आहे.

आता शेजारून सासरेबुवांचा टोमणा येईल म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी खांबावरचा हात काढला.

‘चल, सूनबाई,’ ते म्हणाले. ‘खाली फळं उरली असतील का बघू.’