गव्हाणीतले तीन गोटे

हिंदुराव नानांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथात मीही चार ओळी लिहाव्यात, असा मंडळींनी आग्रह धरला. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं शिक्षण घोड्याच्या मागेपुढे फिरून झालं आणि त्या शाळेचे मास्तर म्हणजे नाना. तेव्हा लिहिण्यात चुकलं तर ते माझं, शहाणपणाचं सापडलं तर ते नानांचं, असं समजून वाचावं.

नाना सैन्यातल्या घोड्यांच्या पथकातून दफेदार होऊन पलूसजवळच्या आमच्या गावी परतले, त्याला तीस वर्षं होत आली. तेव्हा माझ्याकडे तारा नावाची पांढरी घोडी होती. लग्नसराईत ती नवरदेव मिरवायची, त्यावर आमचं घर चालायचं. घरात तिचा मान माझ्यापेक्षा मोठा, आणि ते रास्तच होतं.

नानांची ओळख झाली ती तिच्यामुळेच. विट्याची वरात आटोपून आम्ही दुपारी घरी पोचलो. घोडी दमलेली, भुकेली. मी लाडानं तिच्यापुढे कोरडा कोंडा आणि हरभऱ्याचा भरडा ओतला. ती तुटून पडली. थोड्याच वेळात तिनं मान ताणली, खोकली, आणि दोन्ही नाकपुड्यांतून लाळ नि कोंडा गळायला लागला. शेजारचे तुकादादा धावत आले.

"घास आडाकलाय गड्या! तेल पाज, तेल! माझा बैल फुगला तवा पाजलं न्हवतं व्हय?"

आमच्याकडे ज्याच्या दावणीला बैल, त्याच्या खुंटीला पाजायचं बांबूचं नळकांडं. बैलाला चालतं ते घोड्याला चालतं, एवढंच आमचं शास्त्र. तुकादादा माणसं बोलवायला गल्लीत गेले, तेवढ्यात मी एकट्यानंच घोडीचं तोंड वर धरून गोडेतेल ओतलं. दुसऱ्यांदा नळकांडं भरत होतो, तोच तुकादादा माणसं घेऊन परतले आणि रस्त्यानं निघालेले नाना सायकल टाकून आत शिरले.

"आदी ते खाली ठेवा. आन् तिचं तोंड सोडा, खाली येऊ द्या."

"आवं, पर घास..." तुकादादा म्हणाले.

"घास अन्ननळीत हाय. श्वास चाललाय न्हवं? तुमी वरनं वताल ते फुप्फुसात जाईल. मग घासानं न्हाई, तुमच्या तेलानं मरंल." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "पाजलं का काय?"

भोवती निम्मी गल्ली जमलेली. माझी मान वर होईना. "न्हाई," मी म्हणालो, "आत्ताच भरत हुतो."

 खिशातला रुमाल काढून नानांनी घोडीची नाकपुडी पुसली, रुमाल नाकाशी नेला आणि घडी घालून परत खिशात ठेवला.

चारा हलवला, पाण्याची बादलीही दूर सारली. डॉक्टरांना आणायला तुकादादांनाच पिटाळलं. नंतर घोडीच्या मानेवर हात ठेवून नुसते उभे राहिले. लोकांना ते सोसेना. एकजण म्हणालाच, "दफेदार, नुसतं बगत ऱ्हायचं का?"

"बगत न्हाई. तिला गप उभी ठेवतोय. हे बी कामच हाय. कवा कवा लाळंनं घास भिजतो आन् आपसूक उतरतो."

त्या दिवशी तो उतरला नाही. डॉक्टर आले तेव्हा नानांनी त्यांना लिंबाखाली नेऊन दोन शब्द सांगितले. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घातली आणि डोकं खाली ठेवून कोमट पाणी आत-बाहेर करत गोळा फोडला. मग फुप्फुसासाठी म्हणून वेगळी औषधं सुरू केली. ते दोन शब्द कोणते होते, हे मला तेव्हा कळलं. माझ्या खोट्यावर विसंबले असते तर तारा हातची गेली असती.

अकरा दिवस घोडीला ताप होता. नाना दोन्ही वेळा यायचे, बरगडीला कान लावायचे. अकराव्या दिवशी तिनं त्यांच्या तळहातावरचा भिजवलेला कोंडा चाटून खाल्ला. तेव्हा एवढंच म्हणाले, "डॉक्टरापाशी आन् जनावरापाशी खोटं बोलू ने रं." दुसऱ्या दिवशी सायकलच्या मागं पोतं बांधून त्यांनी कृष्णाकाठचे तीन गोटे आणले, एकेक नारळाएवढा. गव्हाणीत ठेवले. घोडं गोटे सारून खातं, त्यामुळे बकाबका खाता येत नाही. दमून आलं की आधी विसावा नि पाणी, मग ओला चारा, आणि भरडा भिजवल्याशिवाय नाही. नानांची शिकवणी ही एवढीच.

एकदा यात्रेत दोन टांग्यांची घोडी एका पाटीत तोंड घालून चढाओढीनं खात होती. नानांनी भरडा दोन पाट्यांत केला आणि एक पाटी उचलून चालू लागले. मालक ओरडला, "आवं, ताट घेऊन कुटं निगालाय?"

"पंगत येगळी करतोय. भावकीला एका ताटात बसवू ने."

मालक हसला आणि घोडं घेऊन मागं गेला. नानांचं सांगणं असं असतं, कुणाची मान खाली जात नाही.

तुकादादा पारावर अजून सांगतात, "तेल पाजायला उशीर झाला, न्हाईतर डॉक्टर लागलाच नसता." नाना शेजारी बसून ऐकतात नि सुपारी कातरतात. तीस वर्षांत ना त्यांना खोडलं, ना मला उघडं पाडलं. म्हणून आज नानांना न विचारता मी लिहितो: तुकादादा, तेल पाजलं होतं. मी पाजलं होतं, आणि विचारल्यावर नाही म्हणालो होतो. हे वाचून नाना रागावतील. रागावू देत.

तारा म्हातारी होऊन गेली. आता तिची नात त्याच गव्हाणीवर खाते. सकाळी गोटे एकमेकांवर घासल्याचा आवाज येतो आणि मला नानांच्या सायकलची आठवण होते. नानांचे स्वतःचे दातही आता गेले. काकी भाकरी दुधात कुस्करून देतात, नि ते हसून म्हणतात, "भिजवलेलंच बरं."

माझं देवाजवळ मागणं इतकंच, की काळानं नानांची पुढची वर्षंही अशीच खावीत: बकाबका नाही, गोटे सारत सारत, सावकाश.