कापशीसाठी तुतीच्या डहाळ्या

कर्वेनगर ते विश्रांतवाडी, एवढाच हा प्रवास. त्यावर लिहिण्याचं धाडस करतोय, याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिताना अजून बिचकतो. पण त्या दिवशी मी फार घाबरलो होतो.

मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो त्या काकू एकट्याच असतात. घरात त्यांना बोलायला फक्त कापशी, त्यांची पांढरी सशीण. सशांचे दात सतत वाढतात, त्यांना कुरतडायला काहीतरी लागतंच. कापशी वायरी कुरतडू लागली, तेव्हा लाकडी खेळणी करून देण्याचं मी कबूल केलं. निघताना टेकडीवरून आणलेला सुबाभळीचा ओला तुकडा तिच्या पिंजऱ्यात टांगला. गावाकडे आमच्या शेळ्या सुबाभूळ आवडीनं खातात. सशालाही चालेल, असं मी धरून चाललो.

पहिला थांबा कोथरूडची वखार (लाकडाचं दुकान). तिथे प्लायवूड, नाहीतर औषध मारलेल्या फळ्या.

"वाळवी लागणार नाही, खात्री," मालक म्हणाले.

"आणि सशानं खाल्लं तर?"

"वाळवीचं काय होतं ते सांगितलं की आत्ता."

तिथून बसनं विश्रांतवाडीला, आत्याकडे. तिच्या शेजारच्या नसीमचाची ससे पाळतात. त्यांच्या अंगणातल्या तुतीवर कसलीही फवारणी नव्हती. मला चहा-नानकटाई देऊन त्या डहाळ्या (कोवळ्या फांद्या) छाटू लागल्या.

"सध्या काय चावते ती?"

मी सुबाभूळ म्हणालो. त्यांची कात्री थांबली.

"अरे बाबा! शेळीला पचतं ते, सशाला नाही. आमच्या एकाचे केस झडले, खाणं सुटलं, गेला बिचारा. आधी घरी फोन लाव!"

काकू फोन उचलेनात. परतीच्या बसमध्ये मांडीवर तुतीचा जुडगा घेऊन मी प्रत्येक सिग्नलला फोन लावत होतो.

"अहो, दुपारी लोक झोपतात," शेजारचे आजोबा म्हणाले. "नवीन दिसताय पुण्यात."

मला हसू आलं नाही. डोळ्यांसमोर पिंजऱ्यात पडलेले पांढरे पुंजके दिसत होते. शेळीवरून सशाचा अंदाज बांधला होता मी. काकूंना काय तोंड दाखवणार?

कर्वेनगरला उतरलो आणि फोन वाजला.

"किती फोन करतोस रे? आग लागली का कुठे?"

"काकू, ते लाकूड... कापशीनं खाल्लं का?"

"खातेय कुठली! तुझी पाठ वळली तेव्हाच फेकलं मी ते. मुंग्या होत्या त्याला. खायची वस्तू धुवून द्यावी माणसानं. आता झोपू दे मला."