मयताच्या घरची कॉफी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा इचलकरंजीला टर्नर होते. काकांनी कागदपत्रं केली म्हणून आम्ही मिशिगनला आलो आणि बाबा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आमच्या नोव्हाय गावाच्या आसपास ओळखीची जी मराठी घरं होती ती बहुतेक इंजिनियरांची. त्यांच्या मुलांना कॉलेजातल्या खाचाखोचा घरी जेवताजेवता कळत असत. मला कुणी सांगणारं नव्हतं. रजिस्ट्रेशनच्या दिवशी जिममध्ये टेबलं मांडलेली होती आणि हव्या त्या वर्गाचं कार्ड उचलायचं होतं. मी बराच वेळ भलत्याच रांगेत उभी राहिले. भाषांच्या टेबलापाशी पोचले तोवर स्पॅनिश आणि फ्रेंचची कार्डं संपली होती. एक परदेशी भाषा घेणं सक्तीचं होतं. टेबलामागच्या मुलीनं विचारलं, स्वीडिश चालेल का, आणि मागे रांग होती म्हणून मी हो म्हणाले.

हे सांगताना मला अजून थोडं अवघडल्यासारखं होतं. लोकांना वाटतं, मला आधीपासून स्वीडनकडच्या देशांची ओढ असणार. ओढ नंतर लागली, आणि ती स्वीडिश शिकवणाऱ्या बाईंमुळे.

बाई मूळच्या स्वीडनच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. नवरा इंजिनियर, त्याच्या नोकरीपायी इकडे आलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की मला नावानं हाक मारा. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. हाक मारायची वेळ आली की मी हात वर करून थांबायची. पण बाईंची एक सवय होती. प्रश्न विचारला की त्या गप्प उभ्या राहायच्या. दुसऱ्या वर्गांत मी मनातल्या मनात वाक्य जुळवेपर्यंत कुणीतरी उत्तर देऊन मोकळं झालेलं असायचं. बाई मात्र थांबायच्या. माझं वाक्य अडखळत बाहेर येईपर्यंत त्या खिडकीकडे बघत राहायच्या, मदत करायच्या नाहीत, घाईही करायच्या नाहीत. त्या वर्गात मला पहिल्यांदा वाटलं की या विद्यापीठात आपली एक खुर्ची आहे.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी मुख्य विषय अकाउंटिंग ठेवून जोडीला नॉर्डिक भाषा आणि संस्कृती हा मायनर घेतला. एका गणपतीच्या जेवणात कुणीतरी हे काकांच्या कानावर घातलं. ते हातात ताट घेऊन माझ्यापाशी आले.

“काय गं, तिकडे बर्फावर मराठी मंडळ काढणार आहेस काय?”

सगळे हसले. बाबाही हसले, पण गाडीत बसल्यावर म्हणाले, “अकाउंटिंग सोडू नकोस म्हणजे झालं.”

त्या वर्षी आम्ही स्वीडनमधल्या रीतिरिवाजांचा एक कोर्स करत होतो. कुणाच्या घरी न कळवता जायचं नाही. आठ म्हणजे आठला दारात उभं राहायचं. दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत शिरायचं नाही, त्यांच्यात शांत राहणं हीसुद्धा सोबत असते. मी हे सगळं मन लावून पाठ केलं होतं. न कळवता जाण्याबद्दलच्या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते आणि बाईंनी समासात “छान” असं लिहिलं होतं.

मग फेब्रुवारीतला तो सोमवार. बाई नेहमीसारख्या आल्या, कोट खुंटीला लावला, फळ्यावर क्रियापदं लिहिली. आम्ही भूतकाळाचा सराव केला. तास संपायला थोडा वेळ उरला असताना त्यांनी खडू खाली ठेवला.

“माझे पती शनिवारी वारले,” त्या म्हणाल्या. “गुरुवारची परीक्षा ठरल्याप्रमाणे होईल.”

दोन्ही वाक्यं एकाच आवाजात. मला वाटलं, सरावातलंच एखादं वाक्य असेल. मी बाकीच्यांकडे पाहिलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे आजोबा स्वीडनचे होते, हळूच आय अॅम सॉरी म्हणाला. बाईंनी मान हलवली. मुलांनी पुस्तकं आवरली आणि एकेक जण निघून गेला.

मी मागे राहिले. शनिवारी नवरा गेलेली बाई सोमवारी आम्हाला क्रियापदं शिकवत होती. आमच्याकडे अशा घरी चूलसुद्धा पेटत नाही. मी त्यांच्या मागोमाग कॉरिडॉरमध्ये गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. अंत्यसंस्कार झाले असणार असं धरून मी विचारलं की फार लोक आले होते का.

त्यांनी वळून पाहिलं. “अजून झाले नाहीत. तीन आठवड्यांनी आहेत. माझा मुलगा तेव्हा स्वीडनहून येईल.”

“मग ते कुठे आहेत?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“फ्युनरल होममध्ये,” बाई म्हणाल्या, आणि जरा थांबून, “तो थांबलाय.”

बसमध्ये माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. तीन आठवडे. तीन आठवडे तो माणूस तिथे, आणि ह्या रोज घरी जाणार, झोपणार, उठून वर्गावर येणार.

घरी आले तेव्हा आई कणीक मळत होती. मी सगळं सांगितलं. तिनं हात धुतले.

“घरी कोण आहे त्यांच्या?”

कुणी नाही म्हटल्यावर तिनं कणकेवर ताट झाकलं, फडताळातून डाळीचं पीठ काढलं आणि कांदा चिरायला घेतला. पिठलं आणि भात. मयत झालेल्या घरी शेजाऱ्यांनी न्यायचं ते. मी तिला समजावू लागले की त्यांच्यात असं जात नाहीत, आधी विचारावं लागतं, मी हे शिकलेय, परीक्षेत लिहिलंय.

“तू लिहिलंस ते बरोबरच असेल,” आई म्हणाली. “पण माणूस गेलंय ना.”

“निदान फोन तरी करू दे.”

“मयताला फोन करून जातात होय?”

बाबा नुकतेच कामावरून आले होते. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि फार वेळ बसू नका एवढंच म्हणाले. आई कोट चढवत होती तेवढ्यात मी स्वयंपाकघरातल्या फोनवरून बाईंचा नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजायला लागली आणि मी घाबरून फोन ठेवून दिला. काय बोलणार होते? आई पिठलं घेऊन येतेय, असं?

गाडी चालवताना मला एवढंच दिसत होतं की त्या एका खुर्चीवर आज मी पाणी सोडतेय. बाईंनी जे शिकवलं ते मला कळलंच नाही, असं त्यांना वाटेल. उद्यापासून त्या माझ्या वाक्यांसाठी थांबणार नाहीत.

त्यांच्या घरापुढे वाट स्वच्छ केलेली होती. फावडं दाराशी उभं होतं, त्यावरचा बर्फ ताजा होता. आईनं ते पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाली, “बर्फसुद्धा हिनंच काढला?”

बेल वाजवली. दार उघडलं आणि बाई नुसत्या बघत राहिल्या. वर्गातल्यासारखंच थांबणं, पण या वेळी माझ्याकडे वाक्यच नव्हतं. आईनं वाट पाहिली नाही. तिनं उंबऱ्याशी बूट काढले. बाईंची नजर तिच्या साडीखालच्या लोकरी मोज्यांवर गेली आणि त्या बाजूला झाल्या. घरात बूट काढून जायचं, तेवढं एक आमचं आणि त्यांचं सारखं होतं.

घर नीटनेटकं होतं. खिडकीत मेणबत्ती जळत होती, शेजारी त्यांच्या यजमानांचा फोटो. आईनं आतल्या खोल्यांकडे नजर टाकली, कुणी बायका बसलेल्या असतील असं तिला अजून वाटत असावं. मग तिनं डबा माझ्याकडे दिला, बाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि रडायला लागली. हुंदके देऊन, आमच्याकडे रडतात तशी. बाई ताठ झाल्या. त्यांचे हात खालीच होते.

“ती त्याला ओळखत होती का?” त्यांनी मला स्वीडिशमध्ये विचारलं.

“नाही.”

“मग का रडतेय?”

मी शब्द शोधले. त्या थांबल्या होत्या. “आमच्याकडे,” मी म्हणाले, “कुणीतरी सुरुवात करून द्यायची असते.”

बाईंनी आत जाऊन कॉफी आणली. बशीत ठेवलेले कप, बिस्किटं, साखरेचे चौकोनी तुकडे. आईचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिची नजर मला कळली. मयताच्या घरचा पाण्याचा थेंबसुद्धा कुणी घेत नाही. आणि इथे जिचा नवरा गेला तीच ट्रे घेऊन उभी. आईनं कप हातात घेतला आणि न पिता मांडीवर धरून ठेवला.

बाईंनी विचारलं की आमच्याकडे अंत्यसंस्कार किती दिवसांनी होतात. मी म्हणाले, त्याच दिवशी, जमलं तर अंधार पडायच्या आत.

त्यांच्या हातातला कप बशीवर वाजला. “त्याच दिवशी? मग तो गेला आहे हे कळायला तुम्हाला वेळ कधी मिळतो?”

मी आईला ते मराठीत सांगितलं. आई म्हणाली, “आणि यांना सांग, तीन आठवडे असा ठेवतात, त्याचा जीव अडकून नाही राहत?” मी त्यातलं अर्धंच सांगितलं. त्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या, दोघींच्याही चेहऱ्यावर तोच धक्का, आणि मधे मी. कुठल्या बाजूनं हादरायचं ते मलाच कळेना.

आईचा पुढचा प्रश्न मला माहीत होता. तो येऊ नये म्हणून मी उठायची हालचाल केली.

“रात्री सोबतीला कोण आहे त्यांच्या?”

“कुणी नाही, आई. त्यांच्यात असं—”

“विचार त्यांना. म्हणावं, मी थांबते. इथे खालीच पडेन.”

मी मान खाली घातली. शिकवलेलं सगळं मोडून झालं होतं, एवढंच राहिलं होतं. आईनं माझ्या गुडघ्याला हात लावला, पुन्हा म्हणाली, “विचार गं.” मी विचारलं. वाक्य दोनदा चुकलं.

“नको,” बाई म्हणाल्या.

ते भाषांतराशिवाय आईला कळलं. तिनं पदर सावरला, उठायला लागली. बाईंनी किटलीचं झाकण उचलून आत पाहिलं.

“कॉफी संपेपर्यंत थांबू शकता,” त्या म्हणाल्या.

मी आईला सांगितलं. ती परत बसली. मांडीवरच्या कपाकडे तिनं जरा वेळ पाहिलं. आईनं उभ्या जन्मात दूधसाखरेच्या चहाशिवाय काही प्यायलं नव्हतं. तिनं तो कप तोंडाला लावला, गार झालेली काळी कॉफी एका दमात संपवली आणि कप पुढे केला.

बाईंनी ओतली. आईनं ती प्यायली. मग बाई आत गेल्या आणि नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज आला, त्या नवी कॉफी लावत होत्या. बाहेर अंधारून आलं, कुणी दिवा लावला नाही. पुन्हा एकदा किटली भरली. केव्हातरी बाई बोलायला लागल्या, स्वीडिशमध्ये, सरळ आईकडे बघून. तो गाडी गरम करायला बाहेर गेला होता, त्या म्हणाल्या, इंजिनाचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि मी त्याला हाक मारायला उठले नाही, कारण मला वाटलं तो काचेवरचा बर्फ खरवडतोय. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण आई आधीच हं, हं करत होती, आणि बाई थांबत नव्हत्या. मी भाषांतर सोडून दिलं. रडल्या की नाहीत ते मला अंधारात दिसलं नाही.

निघताना त्यांनी दारात मला सांगितलं की गुरुवारची परीक्षा आहेच. मग म्हणाल्या, “आईला सांग, पुढच्या वेळी यायच्या आधी फोन करायचा.”

गाडीत मी ते आईला सांगितलं.

“म्हणजे ये म्हणाली,” आई म्हणाली आणि हातमोजे घातले.

घरी दार बाबांनी उघडलं. आम्ही उंबऱ्याबाहेरच उभ्या, अंघोळ झाल्याशिवाय कशाला शिवायचं नव्हतं. एवढा उशीर का, त्यांनी विचारलं, आणि मग आईच्या तोंडाकडे बघून, “तिथे पाणीबिणी तर घेतलं नाहीत ना?”

“कॉफी घेतली,” आई म्हणाली.

बाबा दार धरून तसेच उभे राहिले. “किती?”

“मोजली नाही,” म्हणत ती त्यांच्या बाजूनं न्हाणीकडे गेली.