मुलीच्या गळ्यातली तान

फाल्गुन वद्य नवमी. गच्चीवर उडदाचे पापड वाळत घातले आहेत आणि कावळे हाकायला मीच बसले आहे. हात रिकामे आहेत, म्हणून लिहिते.

काल ओसरीवर आमच्या घरचे, म्हणजे यजमान, आणि त्यांचे कचेरीतले स्नेही यांचा वाद रंगला होता, जन्मात सर्वांत जास्त कोणाचे गाणे ऐकले म्हणून. कोणी ग्वाल्हेरचे गवई काढले, कोणी इंदूरचे. मला विचारले असते तर म्हटले असते, आमच्या परसाच्या भिंतीपलीकडचे खाँसाहेब. दरबारचे गवई. लग्न होऊन धारहून देवासला आले तेव्हापासून रोज पहाटे त्यांचा रियाज ऐकत मी भांडी घासली आहेत. त्यांचे तोंड अजून नीट पाहिलेले नाही. दसऱ्याच्या दरबारात आम्ही बायका चिकाच्या पडद्यामागे; तिथून फेटा तेवढा दिसतो.

माझी मुलगीही तेच ऐकत वाढली. पलीकडे शागिर्दाला "फिर से! अभी कच्चा है," म्हणून दटावणी होई आणि इकडे तवा घासता घासता ही तीच जागा गळ्यातून काढी. पुष्कळदा त्याच्या आधी.

तिला बारावे लागले तेव्हा धारचे एक मानकरी गृहस्थ पुतण्यासाठी तिला पाहायला आले. गाण्याचे मोठे शौकीन. अशा वेळी मुलीने एखादे पद म्हणायचे असते. मान खाली, आवाज बारीक, आणि दुसऱ्या कडव्यापाशी लाजून अडायचे. मंडळी "पुरे, पुरे" म्हणतात आणि काम उरकते. तिला मी हे बजावून ठेवले होते. पण पहिल्या ओळीलाच तिचा आवाज लागला. दुसऱ्या ओळीला खाँसाहेबांची रोज पहाटेची लांब तान घेऊन ती नेमकी समेवर उतरली.

पाहुण्यांच्या तोंडून "वाहवा!" निघून गेले, हात वर गेला. मग आपण कुठे बसलो आहोत ते आठवून त्यांनी तो खाली घेतला.

"कोण शिकवतं हिला?"

"कोणी नाही हो," घरचे म्हणाले. "कानावर पडतं, तेवढंच."

"गळा फार तयार आहे. आमच्या घरात शोभायचा नाही."

दाराआडून मी म्हटले, "चूल फुंकायला लागल्यावर कुठलं गाणं राहतंय?"

"चुलीपाशीचं तर दिवाणखान्यात चांगलं ऐकू येतं, बाई!" ते म्हणाले, आणि दोघेही हसले.

संध्याकाळी दोघे मिळून खाँसाहेबांच्याच बैठकीला गेले. घरचे परतले ते डोलतच.

"अगं, काय तान घेतली आज! लाजवाब! पाहुण्यांनी अंगावरची शाल काढून दिली."

"कुठली तान?"

दोन सूर गुणगुणून ते थांबले. पाहुण्यांपुढे मुलीने घेतलेलीच तान ती. मुलगी तिथेच पाटपाणी करत होती. तिने मान वर केली नाही.

"नकार दिलाय त्यांनी," ते म्हणाले. "उद्यापासून हिला परसात पाठवू नकोस. दोन ठिकाणी असं झालं तर कोण करून घेणार हिला?"

मुकाट बसणाऱ्या मुलींची लग्ने होतात, हे मला त्यांच्याइतकेच ठाऊक होते. ती शाल मात्र मला पचली नाही. अजूनही पचलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला उठवून पुढच्या सोप्यात जात्यावर बसवले आणि मधले दार लावून घेतले. जात्याच्या घरघरीत परसातले काही ऐकू येत नाही. दळताना बायका ओव्या म्हणतात. ती नुसती दळत होती. मग मी मागे गेले आणि पलीकडचा रियाज ऐकत तिच्या वाटणीची भांडी घासली.