हमीदचाचांची उलटतपासणी

हमीदचाचांचं एका प्रश्नावर कधी भागलं नाही. भाजीवाल्यानं मेथी ताजी आहे म्हटलं की ते विचारत, "कधी खुडली?"

"सकाळी."

"कुणी?"

"बायकोनं."

"तू व्हता का तिथं?"

तोवर भाजीवाला गाडी पुढं ढकलायचा आणि चाची दारातून ओरडायच्या, "अजी, मेथी लेनी है, गवाही नहीं!"

अंबडच्या कोर्टात ते तेहतीस वर्षं शिपाई होते. दाराशी उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे त्यांचं काम. त्या दारात त्यांनी इतक्या साक्षी ऐकल्या होत्या की निवृत्त झाल्यावरही कान रिकामे बसायला तयार नव्हते. आमचं घर त्यांच्या घराला लागून, त्यामुळं त्या कानांच्या तावडीत सगळ्यांत जास्त मी सापडले.

बियाणेशास्त्र शिकायला मला इंग्लंडला जायचं होतं. प्रवेश मिळाला, कागद जमले, व्हिसाची मुलाखत संगणकासमोर बसून झाली. संभाजीनगरच्या एका सल्लागारानं चाळीस प्रश्नांची उत्तरं छापून दिली होती. ती मी घोटून घोटून पाठ केली होती. तीन आठवड्यांनी नकार आला. उत्तरं पाठ केल्यासारखी वाटतात, ही खरोखर शिकायला येते आहे अशी खात्री पटत नाही, असं पत्रात होतं. आईनं पदर डोळ्याला लावला. चाचा आले, मला पत्राचा अर्थ मराठीत सांगायला लावला आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "बराबर लिहिलं!"

आईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर चहा न घेताच उठला असता. चाचांनी चहा घेतला.

"वहिनी, पढवलेला गवाह आत येतानाच कळतो. वकील विचारतो एक, हा सांगतो दुसरं, अन् घाम पुसत राहतो. उद्यापासून पोरीला माझ्याकडं पाठवा. मी जिरह घेतो."

जिरह म्हणजे उलटतपासणी. रोज संध्याकाळी ओट्यावर ते खुर्चीत, मी समोर स्टुलावर. प्रश्न त्यांच्या बोलीत, उत्तर मात्र मी इंग्रजीतच द्यायचं. "तेच कॉलेज का? इथं कॉलेजं मेली का?" मी कॉलेजची थोरवी सांगायची. ते डोळे मिटून ऐकत आणि शेवटी एकच शब्द बोलत, "झूठ."

दोन आठवडे मी झूठ होते. मग माझ्या मनात एक शंका आली. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "हाच कोर्स का निवडला?" मी गंभीर चेहरा करून इंग्रजीत पिठलं कसं करतात ते सांगायला लागले. पाणी आधी खळखळ उकळू द्यायचं, बेसन एका हातानं सोडायचं, दुसऱ्या हातानं घोटत राहायचं, नाहीतर गाठी होतात आणि आई बोलते.

चाचांनी डोळे उघडले. "हां! आज पहिल्यांदा खरं बोलली."

मी इतकी हसले की स्टुलावरून खाली आले. "चाचा, मी पिठलं सांगत होते! तुम्हाला इंग्रजी येतच नाही!"

ते जराही ओशाळले नाहीत. "मी कधी म्हटलं येते म्हणून? इंग्रजी साहेबाला येते. मला आवाज येतो. पिठलं तू स्वतः केलेलं हाय. मंग तू थांबली, शब्द शोधले, हात हलवले. कॉलेजचं सांगून राह्यली तर बोटबी हलत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सल्लागाराचे कागद बंबात गेले. स्वतः केलेलं असं माझ्याकडं काय होतं? हसनाबादला मामाच्या शेतात एका वर्षी सोयाबीन उगवलंच नाही. ओल होती, पेरणी वेळेवर होती, बी मेलेलं होतं. पुढच्या वर्षी मामानं शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या स्वाधीन केले. त्यातल्या किती दाण्यांना मोड आले ते मी सकाळ-संध्याकाळ मोजत होते. पुन्हा अर्ज केला, दुसरी मुलाखत झाली, तेव्हा हेच सांगितलं. दोनदा अडखळले. गोणपाटाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून हातांनी गुंडाळून दाखवलं. व्हिसा आला. निघायच्या दिवशी चाचांनी गाडीच्या ड्रायव्हरला टायरबद्दल इतके प्रश्न विचारले की तो शेवटी स्टेपनी काढून दाखवायला उतरला.

शिक्षण संपलं आणि तिथं दोन वर्षं काम करायची परवानगी मिळाली. मी एका बीजप्रयोगशाळेत लागले. तिथंच राहावं असं फार वाटत होतं, पण पुढचा परवाना काढून देणं कंपनीला शक्य नव्हतं. मुदत संपत आली तेव्हा ओळखीच्या एकानं मार्ग काढला. त्याच्या दुकानात मी मॅनेजर आहे असं कागदावर दाखवायचं, बाकी मी कुठंही राबावं. मी चाचांना व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर आधी त्यांचा कान दिसला.

"काम खरं हाय का कागदावर?" त्यांनी विचारलं.

"कागदावर."

"मंग तिथं कागदालाच राहू दे. तू ये."

मी फोन आपटला. दोन दिवस त्यांच्यावर चिडून होते. तिसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

गेल्या थंडीत चाचा गेले. त्याआधी दोनेक महिने धावडा गावची जयश्री त्यांच्याकडं जिरहसाठी आली होती. तिला जर्मनीला शिकायला जायचं होतं. चाचांचा आवाज बसला होता, म्हणून प्रश्न मी विचारले. सगळं झाल्यावर वही मिटता मिटता जयश्रीनं मलाच विचारलं, "ताई, तुम्ही परत का आलात?"

नातेवाइकांसाठी माझं उत्तर तयार होतं. आपली माती, आपले शेतकरी. तोंड उघडलं आणि नजर चाचांकडं गेली. ते पलंगावर डोळे मिटून ऐकत होते.

"राहायचं होतं गं," मी म्हणाले. "जमलं नाही. आल्यावर दोन महिने कुणाला तोंड दाखवलं नाही. आता जालन्यात बी तपासते. काम आवडतं. पण अजून कधीकधी तिथल्या माझ्या खोलीची स्वप्नं पडतात."

जयश्री घाबरून चाचांकडं पाहायला लागली. आपण काहीतरी भलतंच विचारलं असं तिला वाटलं असावं.

चाचांनी डोळे उघडले नाहीत. "बस, जिरह झाली," ते जयश्रीला म्हणाले. "ताईला पाणी दे."