वाघुरीपलीकडचा दादा

सुरतेत प्लेग आल्याची बातमी आमच्या गावात एसटीच्या आधी पोचली. त्यामुळे चौऱ्याण्णवच्या पितृपंधरवड्यात माझा थोरला भाऊ सुरतेतलं यंत्रमागावरचं काम सोडून घरी यायला निघाला, तेव्हा सुप्याच्या स्टँडपासूनच लोक त्याच्यापासून लांब सरकत होते. उभ्या जन्मात ज्यांनी रुमाल वापरला नव्हता, त्यांनीही तोंडं बांधली होती.

आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. दम्यानं तिचं पार चिपाड झालं होतं आणि दादाला एकदा जवळ घ्यायचं, एवढाच तिचा धोशा होता. दादा तिच्यासाठीच आला होता. पण आमच्या वडलांनी, तात्यांनी, त्याला बांधावरच अडवलं.

आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. तात्यांचं निम्मं आयुष्य त्यांच्यामागं गेलेलं. बाजारातून आणलेलं जनावर लगेच कळपात सोडायचं नाही, वेगळं ठेवून बघायचं, हा त्यांचा नेम. एकदा एक मेंढा घाईनं सोडला आणि अख्खा कळप गेला, हे ते विसरले नव्हते. त्यात त्यांच्या आज्यानं सांगितलेलं डोक्यात बसलेलं: गोऱ्यांच्या राज्यात मुंबईत प्लेग आला, तिथून पळून आलेल्यांबरोबर तो गावात शिरला आणि सारं गाव माळावर झोपड्यांत राहायला गेलं. तात्यांनी जुनी वाघूर शोधून काढली, मेंढरं कोंडायची ती जाळी, आणि रानातल्या लिंबाखाली दादाभोवती उभी केली.

भाकरी मी न्यायची. जाळीपाशी ठेवून मागं सरायचं, मग तो उचलणार.

"काय गं, मी चारा खातोय का न्हाय ते बघाय आलीस व्हय?" तो म्हणायचा. मला हसू यायचं आणि लगेच रडूही.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर त्याला तपासून गेले. ताप नाही, खोकला नाही, या कॅप्सूल संपल्या की खुशाल घरात घ्या, म्हणाले. कॅप्सूल संपल्या. दादा ठणठणीत होता. तरी तात्या ऐकेनात.

"रोग आत दडून बसतो. डाक्टरनं मेंढरं राखल्यात का कवा?"

असा संताप यायचा मला त्यांचा! पण घरात आले की ते आईचे पाय चेपत बसायचे. "जरा दम धर. तुझ्या छातीत जोर न्हाय, तुला काय झालं म्हंजी मी काय करू?" भीती होती ती तिच्यासाठीच. ते दिसायचं, म्हणून धड भांडताही येत नव्हतं.

शेवटी आईच म्हणाली, "मला रानात न्या. लांबनंच बघती."

तात्यांनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "बरं. उद्या सकाळी गाडी जुंपतो."

त्यांनी खरंच पहाटे उठून बैल जुंपले, गाडीत गवत पसरलं, वर गोधडी टाकली. आईला उठवायला आत गेले, तेव्हा ती गेली होती.

तात्या चालतच रानात गेले. मी मागं होते. त्यांनी वाघुरीच्या गाठी सोडल्या नाहीत, खुंट्याच उपटल्या. "चल घरी," एवढंच म्हणाले. दादाला कळलं.

घरी बायका जमल्या होत्या. दादा उंबऱ्याबाहेरच थांबला. तात्यांनी पाठीवर हात ठेवून त्याला पुढं केलं, तरी तो हलेना. आईकडं बघत त्यानं विचारलं, "आये, येऊ का आत?"